अमीन गादीवाल्याचा झोका

पारोळ्यात कापसाची गादी भरून घ्यायची असेल तर माणसं अमीनकडे जातात. फोमच्या गाद्या आता सगळीकडे मिळतात, पण त्या उन्हाळ्यात तव्यासारख्या तापतात. आमच्याकडचा मे महिना ज्याने काढला आहे तो माणूस कापसावरच झोपतो.

अमीनचं घर माझ्या घरासमोर आहे. खालच्या खोलीत पिंजायचं यंत्र, वर बिऱ्हाड. मी जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात राबलो. मी कापूस दाबून गाठी बांधायचो, तो तोच कापूस फुलवून गाद्या भरतो. त्यामुळे आमचं पहिल्यापासून जमतं आणि पहिल्यापासून भांडणही आहे. पण एक गोष्ट मी त्याच्या तोंडावर मान्य केलेली आहे. काम तो चोख करतो. गादी भरून झाली की आधी स्वतः तिच्यावर लोळतो. पाठीला कुठे गुठळी लागली की शिवण उसवतो. गिऱ्हाईक म्हणतं, राहू दे, चालेल. अमीन म्हणतो, तुम्हाला चालेल, मला नाही चालणार.

त्याची मुलगी अफरीन नऊ वर्षांची आहे, चौथीत जाते. रांगायचं संपून चालायला लागली तेव्हापासून तिला फिट येते. बऱ्याच मुलांची फिट औषधाने थांबते. हिची थांबली नाही. धुळ्याच्या डॉक्टरबाईंनी औषध बदललं, दुसरं जोडलं, तिसरं जोडलं. फिटा कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. बाईंनी अमीनला आणि त्याच्या बायकोला, जीनतला, समोर बसवून सांगितलं की काही मुलांचं असंच असतं, यात कुणाची चूक नाही, औषधाची वेळ आणि मुलीची झोप तेवढी चुकवायची नाही. त्या दिवसापासून जीनतने ती कधी चुकवलेली नाही. लग्नघरात असो, बसमध्ये असो, वेळ झाली की तिच्या पिशवीतून गोळी निघते. गाठी उचलणारा माणूस दमला की खाली टेकतो. जीनतच्या कामात टेकायची सोय नाही, आणि त्यावरून तिने कधी सुस्कारा टाकलेलाही मी ऐकला नाही. टोमणे मात्र भरपूर ऐकले आहेत.

एकदा नळाच्या रांगेत अफरीन आडवी झाली. आमच्या गल्लीतले झुलालभाऊ वयाने मोठे आणि पायाने हलके. ते घरात जाऊन अख्खा कांदा घेऊन धावत आले, मुलीच्या नाकाला लावायला. मागून आणखी कोणी चप्पल घेऊन आलं. जीनतने मुलीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली आणि मग मान वर करून म्हणाली, "झुलालभाऊ, कांदा आणलाच होता तर चिरून आणायचा. भाजीला तरी आला असता."

"अवं, पण मिरगीले कांदाच लागस," झुलालभाऊ म्हणाले.

"मिरगीला वेळ लागतो. जरा थांबा, उठते ती."

थोड्या वेळाने अफरीन शांत झाली, डोळे उघडले, इकडे तिकडे बघितलं आणि झुलालभाऊंच्या हातातला कांदा पाहून विचारलं, "आबा, आज काय केलंय जेवायला?"

त्यानंतर जीनतने सगळ्या गल्लीला शिकवलं. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. तोंडात काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. थांबा आणि घड्याळ बघा. लांबलीच तर नाकात मारायचा फवारा तिच्या पिशवीत असतो. यातलं सगळ्यात अवघड थांबणं आहे. आयुष्यभर ज्याने हात चालवले त्याला हात आवरून उभं राहणं जड जातं. मला ते शिकायला वेळ लागला.

अमीनचा उपाय वेगळा होता. त्याच्या हातात कापूस होता, म्हणून त्याने घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला कापूस चढवला. टेबलाचे कोपरे, पलंगाची कड, उंबरठा, जिन्याचा कठडा, सगळ्याला टाके घातलेल्या गाद्या. अफरीनसाठी त्याने कापूस भरलेली टोपी शिवली. ती घालून ती शाळेत गेली, तर वर्गातल्या मुली तशाच टोप्या मागायला लागल्या. माझी बायको प्रमिला त्यांच्याकडे विरजण मागायला गेली की सगळीकडे नजर फिरवून म्हणायची, "अमीनभाऊ, बठ्ठं मढवून झालं. फक्त सांडशी राहिली."

हे सगळं हसण्यावारी चालायचं. पण अमीनची एक सवय होती, तिच्यावर जीनत हसत नसे. अफरीनने काहीही मागितलं की तो आधी 'नाही' म्हणायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात आणि मुली-बायका गौराईची गाणी म्हणत झोका घेतात. गल्लीचा झोका माझ्या दारातल्या निंबाला असतो. तो बांधायचं काम माझं. नियम एकच, एका गाण्याला एक पाळी. गाणं संपलं की उतरायचं. गल्लीतल्या हिंदू-मुसलमान सगळ्या पोरी बसतात. अफरीन बसत नसे. ती आमच्या ओट्यावर बसून पाळ्या मोजायची आणि कोणी लबाडी केली की सगळ्यांसमोर सांगायची. माझी नात दिपमाला तिच्याच वयाची, सावद्याहून आईबरोबर येते. मागच्या वर्षी तिने एका पाळीत दोन गाणी काढली, ते अफरीननेच पकडलं.

या वर्षी आखाजी जवळ आली तशी मी दोर काढून उन्हात टाकला. अफरीनने तो बघितला आणि समोरच्या दुकानात जाऊन बापाला म्हणाली, "यंदा मी मोजणार नाही. मी बसणार."

"नाही," अमीन म्हणाला. यंत्रही बंद केलं नाही त्याने.

"का?"

"फिट आली तर?"

"ती तर घरातही येते. म्हणून मी घरातून निघून जाऊ का?"

अमीनने यंत्र बंद केलं. जिन्यावरून जीनत उतरून आली होती. तिने मुलीला माझ्याकडे पिटाळलं, पण तिचा आवाज रस्ता ओलांडून येतो.

"विहिरीजवळ नाही, गच्चीवर नाही, सायकलवर नाही, चुलीपाशी नाही. या सगळ्यांना मीही नाहीच म्हणते. पण तुम्ही 'हो' कशाला म्हणणार ते एकदा सांगा."

"झोक्यावरून पडली तर डोकं फुटेल, जीनत."

"फुटेल. म्हणून धुळ्याला जातोय ना परवा, तर बाईंना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

अमीन लगेच तयार झाला. बाई नाही म्हणतील याची त्याला खात्री होती. म्हणजे मुलीचा राग बाईंवर जाईल आणि आपण सुटू.

ठरल्या दिवशी संध्याकाळी ते धुळ्याच्या बसमधून उतरले तेव्हा मी पानटपरीवर होतो. पुढे अफरीन, टोपी मागे सरकवलेली, भेटेल त्याला सांगत येत होती. मागे अमीन, सुतकी चेहऱ्याने.

"काय झालं रे?" मी घाबरलोच.

"हो म्हणाल्या," अमीन म्हणाला.

बाईंनी आधी प्रश्न विचारले होते. झोका किती उंच, खाली जमीन कशी, जवळ कोण असतं. मग सांगितलं की उंच नको, जोरात नको, एकटी नको, खाली मऊ हवं, आणि अंग सैल पडलं तरी मुलगी बाहेर पडणार नाही अशी बैठक हवी. एवढं जमत असेल तर बसू द्या. फिट आली तर झोका थांबवा, खाली घ्या, कुशीवर ठेवा, नेहमीसारखं.

"अशी बैठक कुठे मिळते?" अमीनने मला विचारलं.

"मिळत नाही. भरावी लागते," मी म्हणालो. "तू गादीवाला आहेस ना?"

त्याने दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी बैठक घेऊन आला. दिसायला फार देखणी होती. खोल, पाठीला टेकू, कडा फुगलेल्या, आणि वरून गुलाबी साटीन. नवरीच्या गादीला लावतात ते. अफरीनने हात फिरवला आणि ती एकदम खूश.

"बसून बघू?" ती म्हणाली.

"आधी तू नाही," मी म्हणालो. "आधी पोतं."

प्रमिलाने दादर दिली. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. अमीनने एकदा मुलीला उचलायचं, एकदा पोत्याला, असं करत दोन्ही सारखी जड होईपर्यंत पोत्यात दादर भरली. अफरीनचं म्हणणं पोतं तिच्यापेक्षा जाड आहे. आम्ही पोत्याला झोक्यात बसवलं आणि मी हलकासा धक्का दिला. दुसऱ्याच हेलकाव्याला पोतं साटीनवरून साबणासारखं सटकलं आणि जमिनीवर आदळलं. तोंड सुटून दादर अंगणभर झाली. कोंबड्या धावत आल्या.

"अब्बा, मी पडले," अफरीन म्हणाली. प्रमिला हसली, जीनत हसली. अमीन पोत्याकडे बघत उभा होता.

"बांधू नकोस झोका," तो मला म्हणाला.

"का? साटीन हरलं. झोका नाही हरला."

"ती असती तिथे तर?"

"म्हणून तर ती नव्हती. पोतं कशाला भरलं आपण?" मी खाली बसून दादर गोळा करायला लागलो. "कापड बदल. मांजरपाट घे, खरखरीत. आणि कापूस दाबून भर. हा असा फुलवलेला कापूस पहिल्या बसण्यात चेपतो, मग कडा कशा धरतील?"

"गादीवाल्याला कापूस दाब म्हणतोस," अमीन म्हणाला.

"झोप काढायला भरत नाहीयेस. धरून ठेवायला भरतोयस."

तो बैठक उचलून घरी गेला, आणि थोड्या वेळात दुकानात बसून शिवण उसवताना दिसला. मी गेलो. त्याने कापूस भरायचा, मी दांडक्याने ठोकून बसवायचा, त्याने टाका मारायचा. ठोकलेला कापूस बघताना त्याला त्रास होत होता ते दिसत होतं, पण थांबला नाही. बोटं सुईने टोचून निघाली. जीनत वरून चहा देऊन गेली, कापसाच्या धुळीत आमचे पांढरे झालेले चेहरे बघून म्हणाली, "दोघं आता एका वयाचे दिसता."

नवी बैठक अजिबात देखणी नव्हती. घमेल्यासारखी खोल, मागे पाठ मानेपर्यंत, बाजू काखेपर्यंत, पुढून पोटावर रुंद पट्टा. अंग सैल पडलं तर खाली घसरण्याऐवजी आत बसणार. पट्ट्याची गाठ मी ठरवली, एक टोक ओढलं की पूर्ण सुटेल अशी, कारण मुलीला पटकन बाहेर काढता आलं पाहिजे.

पुन्हा पोतं बसवलं. या वेळी अमीनने मला धक्का देऊ दिला नाही. त्याने पोत्याला दोन्ही हातांनी धरून झटके दिले. आधी एकदम ताठ, मग तुटक तुटक, मग मोठे. फिटमध्ये मुलीचं अंग कसं जातं ते त्याच्या हातांना पाठ होतं. मी दोराकडे बघत राहिलो. त्याचं झाल्यावर पोतं जागेवर होतं. अमीनने तरी पुन्हा केलं, डावीकडून, उजवीकडून. पोतं हललं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी नवा दोर बांधला आणि स्वतः लटकून बघितलं. प्रमिला दारातून ओरडली, "या वयमा कसाले लटकतस तुम्ही?" ज्या दोराला मी लटकलो नाही त्याला दुसऱ्याची पोर लटकवायची नसते.

सकाळी ऊन चढायच्या आत झोका सुरू झाला. माझी मुलगी कोकिळा सावद्याहून आली होती, गाण्यांची पुढारी तीच. मोठ्या बायका बसल्या, पोरी बसल्या, दिपमाला बसली आणि गाणं संपताच निमूट उतरली. मग अफरीनची पाळी. मी फळी काढून बैठक अडकवली, जमिनीपासून हातभर वर. खाली अमीनने दुकानातल्या गाद्या अंथरल्या, जुन्या नाहीत, गिऱ्हाइकाला द्यायच्या नव्या. जीनत पाठीशी उभी राहिली. अमीनने दोर धरला.

गाणं सुरू झालं. झोका पुढे गेला की अमीन दोर धरून पुढे, मागे आला की मागे. झोका जेमतेम हलत होता.

"अब्बा, मी पाळण्यातली आहे का?" अफरीन म्हणाली.

बायका गाता गाता हसल्या. कोकिळा म्हणाली, "अमीनभाऊ, दोर सोडा, नाहीतर पुढच्या पाळीला तुम्हालाच बसवू."

त्याने सोडला. हात मात्र पुढेच ठेवले, झेलायला. झोका वाऱ्याला लागला. अफरीनने आधी डोळे मिटले, मग उघडले आणि मोठ्याने गायला लागली. तिला गाणं पूर्ण पाठ होतं. इतकी वर्षं ओट्यावर बसून दुसरं काय केलं होतं तिने?

गाण्याच्या मध्यावर तिचा आवाज तुटला. नजर एका जागी थांबली, हात दोरावरून सुटले. कोकिळा गाणं सोडून पुढे आली. जीनतने तिला हाताने थोपवलं आणि मागून झोका अंगावर घेऊन थांबवला. अफरीनचं अंग ताठ झालं, मग झटके सुरू झाले. ती बैठकीत खाली गेली, आत, जशी जायला हवी होती तशी. अमीनने पट्ट्याचं टोक ओढलं. गाठ सुटली. त्याने तिला उचलून गादीवर कुशीला निजवलं. जीनत फोनमधलं घड्याळ बघत होती, फवारा हातात होता. कोणी धावलं नाही, कोणी ओरडलं नाही. झुलालभाऊ ओट्यावर हाताची घडी घालून उभे होते.

फिट गेली. फवारा लागला नाही. अफरीन झोपली, ती नेहमीच झोपते.

"गाणी बंद करू का भाभी?" कोकिळाने हळूच विचारलं.

"कशाला? ती काही गाण्याने उठत नाही," जीनत म्हणाली. "उठल्यावर झोका बंद दिसला तर माझ्याशी भांडेल."

बायकांनी पुन्हा सुरू केलं, फळी लावून. अमीनने बैठक सोडून घेतली होती. ती मांडीवर घेऊन तो मुलीजवळ बसला. मी त्याच्या शेजारी बसलो.

"बस झालं निंबाभाऊ," तो म्हणाला. "हौस झाली."

"बैठकीतून पडली का ती?"

"नाही."

"कुठे लागलं?"

"नाही."

"मग तुझ्या कामात खोट काय निघाली ते सांग. काढू आपण."

त्याने बैठक उलटीसुलटी केली, कडा दाबून बघितल्या, टाके बघितले. खोट सापडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. सापडली नाही.

अफरीनला घरी नेल्यावरही ती झोपलीच होती. दुपारी उठली, औषध घेतलं, आमच्याकडून गेलेले मांडे आणि आमरस खाल्ला. उन्हं उतरली तशी आईचा हात धरून अंगणात आली. चेहरा जरा उतरलेला होता, आवाज नव्हता उतरला.

"माझी पाळी अर्धी राहिली आहे."

"राहिली कुठे?" दिपमाला म्हणाली. "तू झोपलीस. झोपलं की पाळी गेली."

"मी झोपले नव्हते. मला फिट आली होती. फिट पाळीत धरायची नाही."

"असा नियम नाहीये."

"आतापर्यंत लागला नव्हता म्हणून नाहीये."

दोघी कोकिळाकडे आल्या. कोकिळाने विचार केल्यासारखं केलं. "गाणं संपलं होतं का?"

"नाही," अफरीन म्हणाली. दिपमालालाही नाही म्हणावं लागलं.

"मग पाळी संपली नाही. अर्धं गाणं म्हणता येत नाही, पहिल्यापासून म्हणू."

दिपमालाने तोंड वेडावलं. मग सगळ्या अमीनकडे बघायला लागल्या, कारण बैठक त्याच्याकडे होती. अफरीनने काहीच मागितलं नाही, नुसती उभी राहिली.

अमीन बराच वेळ उठला नाही. मग घरात गेला, बैठक घेऊन आला आणि स्वतः दोराला अडकवली. गाठी ओढून बघितल्या. गाद्या सरळ केल्या. मुलीला बसवून पट्टा बांधला. सगळं झाल्यावर नेहमीसारखा दोराला हात घातला.

प्रमिलाने त्याचा हात सोडवला. "जाय भाऊ आते. आम्ही शेतस ना उभ्या. बायकास्मा काय काम तुनं?"

तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी चहा पुढे केला. त्याने कप घेतला आणि झोक्याकडे पाठ करून बसला. त्याच्या मागे दोराची करकर सुरू झाली, मग गाणं. तो ऐकत होता. गाणं मध्यावर आलं तेव्हा त्याचा कप हवेत थांबला. गाणं पुढे गेलं. त्याने घोट घेतला.

गाणं संपलं. लगोलग अफरीनचा आवाज आला, "हे गाणं फारच छोटं होतं."

दिपमाला भांडायला लागली. अमीन हसला, पण मागे वळून बघितलं नाही. म्हणाला, "चहात साखर कमी आहे."